मुक्काम पोस्ट दुसरीकडे

२०१८ सालच्या मार्च महिन्यात, अर्थसंकल्पीय अधिवेशन ऐन रंगात असताना, माजी महसूलमंत्री एकनाथ खडसे यांनी विधानसभेत जो हिशेब मांडला, तो ऐकून त्रैराशिक शाळेतच सोडून आलेल्या सभासदांनाही त्या विषयाची पुन्हा गोडी लागली असावी. मंत्रालयात उंदीर फार झाले म्हणून ते मारण्याचा ठेका एका संस्थेस देण्यात आला होता. आणि सहा महिन्यांची मुदत असताना तिने अवघ्या सात दिवसांत ३,१९,४०० उंदरांचा निकाल लावला, असे दफ्तरी दाखल असल्याचे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे दिवसाला पंचेचाळीस हजारांवर आणि मिनिटाला एकतीसहून अधिक. आणि एका उंदराचे वजन दोनशे ग्रॅम धरले, तर रोज नऊ टनांहून अधिक ऐवज राज्याच्या मुख्य कचेरीतून मालमोटारीत भरून बाहेर पडावयास हवा होता. सरकारपक्षाकडून यथावकाश खुलासा आला, की हा आकडा उंदरांचा नव्हे, त्यांना घालावयाच्या विषारी गोळ्यांचा आहे. खुलाशाने प्रकरण मिटले, तरी त्यातील रस वाढला. कारण गोळ्या मोजता येतात, पण गोळी खाऊन बिळाच्या तळाशी जाऊन मेलेला उंदीर कोणत्याही रजिस्टरात सही करीत नाही.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चौकटीत येणाऱ्या असल्या बातम्या वाचून आपण हसतो आणि पान उलटतो. परंतु मुंबईपुरते बोलावयाचे तर या चौकटी कात्रून एकीपुढे एक मांडल्या, की त्यांतून एका जुन्या आणि अखंड कारभाराचा इतिहास तयार होतो. माणसांच्या शहरात माणसांखेरीज जे कोणी राहतात, त्यांचा बंदोबस्त करण्याचा हा कारभार. कंपनी सरकार गेले, राणीचे राज्य आले आणि गेले, महापालिकेचा पत्रव्यवहार इंग्रजीतून मराठीत आला. पण या कारभाराची रीत तीच राहिली. आधी मोजदाद, मग दर, मग कोटा, मग दंगा, आणि सरतेशेवटी त्या प्राण्याची रवानगी दुसरीकडे. हे ‘दुसरीकडे’ नेमके कोठे आहे, याची चौकशी करण्यासाठी हा प्रपंच.

मोजदाद आणि कोटा यांचे शुद्ध स्वरूप पाहावयाचे असेल तर महापालिकेच्या कीटकनाशक खात्यातील रात्रपाळीच्या मूषक संहारकाकडे जावे. हुद्दा असा भारदस्त, की वाचणाऱ्यास एखाद्या पौराणिक देवतेचे बिरुद वाटावे. प्रत्यक्षात सारा सरंजाम म्हणजे एक विजेरी, एक काठी आणि एक पोते. दुकानांच्या फळ्या लागल्या, मंडईतले पाटीवाले पाटी उशाशी घेऊन आडवे झाले, म्हणजे याचा दिवस उजाडतो. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना लागतात तेथे जी चिंचोळी घरगल्ली असते, जिच्यात वरच्या चार मजल्यांवरचे उष्टे-खरकटे कोणी टाकत नसतानाही पडत असते, त्या गल्लीत तो पावलांचा आवाज न करता शिरतो आणि विजेरीचा झोत एकदम टाकतो. उंदीर क्षणभर दिपून जागच्या जागी थबकतो. तेवढ्या क्षणात काठी पडली तर पडली, नाहीतर तो गटाराच्या जाळीखाली गेला. अशी तीस वेळा काठी पडावी लागते. तीस हा रात्रीचा नेम. सकाळी पोते रिकामे करून मोजून द्यावयाचे, आणि भरती कमी पडली तर त्या रात्रीच्या पगारावर गंडांतर. या जागांसाठी पदवीधरांचेही अर्ज आल्याच्या बातम्या मध्यंतरी छापून आल्या, तेव्हा वाचक हसले. अर्जदारांना मात्र पक्क्या नोकरीत हसण्यासारखे काही दिसले नसावे.

उंदीर हे गणपतीचे वाहन. ज्या शहरात त्याच्या स्वारास दहा दिवस डोक्यावर घेतात, त्या शहरात त्याला मारण्यास कोणी हरकत घेत नाही, त्याच्या बाजूने सह्यांची मोहीम निघत नाही की न्यायालयात अर्ज पडत नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. याचे कारण शोधू गेल्यास एवढेच सापडते, की उंदीर कोणाचाच नाही. त्याच्यावरून दोन समाजांत मानापमान उभा राहत नाही. प्राण्याचे प्रकरण पेटते ते त्याच्या पाठीशी माणसांचा एखादा समुदाय उभा असतो तेव्हा. आणि मुंबईत ते पहिल्यांदा धडाडून पेटले ते कुत्र्यांच्या निमित्ताने, १८३२ साली.

त्या काळी उन्हाळ्यात शहरातील मोकाट कुत्री मारण्याची मोहीम कंपनी सरकार दरवर्षी काढीत असे. पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय खरे होते, आणि त्यावर सरकारने योजलेला उपाय सोपा होता: कुत्र्यामागे आठ आणे. दर ठरला की कामात चलाखी येते, हा न्याय त्याही वेळी लागू पडला. गोऱ्या शिपायांच्या दृष्टीने मोकाट कुत्रे आणि पाळीव कुत्रे यांत आठ आण्यांचा फरक नव्हता. तेव्हा घराच्या ओट्यावर पहुडलेली, मालकाच्या हाकेला शेपटी हलवणारी कुत्रीही त्यांच्या तडाख्यातून सुटेनात. त्या वर्षी मोहिमेची मुदत वाढवण्यात आली, आणि ६ जून रोजी, पारशी लोकांच्या एका पवित्र दिवशी, शिपाई काठ्या घेऊन कोट भागात फिरू लागले. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान साधे नव्हे. मृत देहावर कुत्र्याची दृष्टी पडल्याखेरीज अंत्यविधी पुरा होत नाही, असा त्यांच्यात आचार आहे. जमाव जमला आणि शिपायांना मार बसला.

दुसऱ्या दिवशी जे घडले ते मुंबईच्या इतिहासात एका अर्थाने पहिलेच असावे. दुकाने उघडली नाहीत. पारशांच्या बरोबरीने हिंदू, जैन आणि मुसलमान दुकानदारांनीही व्यवहार बंद ठेवले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारे पाव, मांस आणि पाणी वाटेतच अडवण्यात आले. रस्त्यांतून जाणाऱ्या साहेबलोकांच्या बग्ग्यांवर दगड आणि चिखल पडला. अखेर लष्कर बोलवावे लागले, धरपकड झाली, खटले चालले. हरताळ, नाकेबंदी, दगडफेक, लष्कर आणि शेवटी तडजोड, असा जो क्रम पुढील दोन शतके या शहराच्या अंगवळणी पडावयाचा होता, त्याची पहिली रंगीत तालीम गिरणी, पगार किंवा स्वराज्य यांपैकी कशावरूनही न होता कुत्र्यांवरून झाली. अर्थात ती केवळ कुत्र्यांवरून झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कंपनीच्या राज्यात आपला शब्द कितपत चालतो, आपल्या उंबरठ्याच्या आत शिपायाने पाऊल टाकावे की न टाकावे, हा प्रश्न लोकांच्या मनात पुष्कळ दिवस खदखदत होता. कुत्र्याने त्याला वाचा फोडली.

तडजोड घडवण्यात जमशेटजी जिजीभाई यांचा हात होता. ‘सर’ ही पदवी त्यांना पुढे दहा वर्षांनी मिळावयाची होती, पण सरकार आणि समाज यांच्यामध्ये उभे राहून दोहोंकडून मान मिळवण्याची कला त्यांना आधीच साधली होती. कुत्री मारू नयेत, ती पकडून शहराबाहेर न्यावीत, असे ठरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ स्थापन झाली. ‘दुसरीकडे’ या पत्त्याची मुंबईतील ही पहिली अधिकृत नोंद. पांजरापोळ किल्ल्याच्या तटाबाहेर भुलेश्वराच्या बाजूस होती. आज तो भाग इतका मध्यवर्ती आहे, की तेथे गाईला चारा घालावयास जाणाऱ्या भाविकाला मोटार उभी करावयास जागा सापडत नाही. पुढे चेंबूरकडेही पांजरापोळ झाली. चेंबूर म्हणजे त्या काळचे रान. आता त्याच पांजरापोळापाशी पूर्व मुक्तमार्ग उतरतो, आणि सकाळ-संध्याकाळ तेथे तुंबलेल्या वाहनांत बसलेल्यांपैकी फारच थोड्यांना आपण एका जनावरांच्या आश्रयस्थानाच्या नावाने उतरत आहोत याची जाणीव असते.

हाच न्याय पुढे म्हशींना लागला. शहराच्या वस्तीत दाटलेले तबेले, त्यांचे शेण, माश्या आणि पाणी घातलेले दूध यांनी मुंबई जेरीस आली, तेव्हा दारा खुरोडी या कर्तबगार अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्धवसाहत उभी राहिली. बत्तीस गोठे, हजारो म्हशी, कुरणे, आणि मधून वळणे घेत जाणारे सावलीचे रस्ते. शहरापासून इतके दूर, की लोक तेथे सहलीला जात. आज आरेला शहर येऊन भिडले आहे, पोटात मेट्रोची कारशेड आहे, आणि तिच्यासाठी पडलेल्या झाडांवरून रात्री-अपरात्री झालेली आंदोलने अजून स्मरणात आहेत. कत्तलखान्याचीही गोष्ट तीच: वांद्र्याहून तो १९७१ मध्ये देवनारला नेला, कारण देवनारला कोणी राहत नव्हते. तेथे आता किती लोक राहतात, हे मतदारयादी चाळणाऱ्या कोणत्याही उमेदवारास विचारावे.

परंतु म्हशी आणि गुरे ही सोशिक जात. नेऊन बांधली तेथे राहतात. बिबट्याला हा नियम मान्य नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तीन बाजूंनी कोट्यवधींची वस्ती, आणि आत-बाहेर करणारे पन्नासच्या आसपास बिबटे, ही जगात फारशी न सापडणारी मांडणी मुंबईच्या वाट्याला आली आहे. जुन्नर परिसरात उसाच्या फडांत निघणारे बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडण्याचा उपाय या शतकाच्या आरंभी जोरात चालला; विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने असे दाखवून दिले, की जेथे ते सोडले त्या जंगलांच्या आसपास माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते, किंवा सरळ परत निघते. २००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, गळ्यात पट्टा अडकवून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा वयस्क नर असाच चालत निघाला, आणि शंभरावर किलोमीटर तुडवीत, महामार्ग, लोहमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या हद्दीत येऊन राहिला. त्याच्यावर मराठीत चित्रपटही निघाला. मुंबईत नशीब काढावयास पायी आलेल्या असंख्यांपैकी तो एक. त्याचा शेवटही महामार्गावर मोटारीच्या धडकेने झाला.

या बिबट्यांच्या ताटात काय असते, हे पाहिले म्हणजे १८३२ च्या प्रकरणाला एक वेगळाच उपसंहार जोडला जातो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला आहे, की उद्यानातील बिबटे वर्षाकाठी सुमारे दीड हजार मोकाट कुत्री फस्त करीत असावेत, आणि त्यामुळे कुत्र्यांच्या चाव्यांचे सुमारे एक हजार प्रसंग टळत असावेत. आठ आणे न घेता, कोटा न ठरवता आणि पारशी, जैन वा हिंदू अशा कोणाच्याही भावना न दुखावता हे काम होते. आरेतील वारली पाड्यांवर वाघोबाला शेंदूर लावून त्याची पूजा करणारी माणसे या जनावराला पाहून पोलिसांत फोन करीत नाहीत. त्यांच्या लेखी तो शेजारी आहे, आणि शेजाऱ्याशी वागण्याची रीत ठरलेली आहे: अंधार पडल्यावर पोरांना एकटे सोडू नये, कोंबड्या आत घ्याव्या, वाटेत दिसलाच तर त्याला वाट द्यावी. नव्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावरून जंगलाचे दृश्य दिसावे म्हणून जादा पैसे मोजणाऱ्याला मात्र त्या दृश्यातला बिबट्या चालत नाही.

आणि आता कबुतरे. दादरच्या रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, जैन मंदिरापुढच्या चौकात जो कबुतरखाना आहे, त्याचा उगम १९३३ सालच्या एका कारंज्यात आहे. वारसा वास्तूंच्या यादीत त्याचे नाव आहे. २०२५ च्या जुलैत शहरातील सर्व ५१ कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला, आणि कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांना होणाऱ्या विकारांचा हवाला देत उच्च न्यायालयाने दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्यास सांगितले. महापालिकेने बांबू रोवून सगळ्या चौकावर ताडपत्री ताणली. ६ ऑगस्टच्या सकाळी मोठा जमाव आला. महिलांनी सुऱ्यांनी दोर कापले, ताडपत्री खाली आली, धान्याच्या पिशव्या आत रिकाम्या झाल्या. आठवड्याने मराठीच्या नावाने दुसरा जमाव आला आणि पोलिसांनी त्याला उचलले. मध्येच लालबागच्या एका गृहस्थाने आपल्या मोटारीच्या टपावर धान्याची परात बसवली, म्हणजे रस्त्यावर दाणे टाकल्याचा गुन्हाही नाही आणि पुण्यातही खंड नाही; पोलिसांनी मोटार जप्त केली. कायद्याच्या कलमात अशी फट शोधून काढणाऱ्या बुद्धीस दाद द्यावी, की जप्तीच्या पंचनाम्यात ‘परात एक, धान्यासह’ असे लिहावे लागणाऱ्या हवालदाराची कीव करावी, याचा निर्णय वाचकांवर सोपवतो.

वाद पेटला तो फुप्फुसांवरून, पण दोन आठवड्यांत फुप्फुसांचे नाव कोणी घेईना. चौक कोणाचा, मंदिर कोणाचे, इमारतीत मांसाहारी भाडेकरू ठेवावा की नाही, दादर मराठी माणसाचे राहिले की नाही, हे सगळे जुने तंटे कबुतरांच्या पंखाखाली येऊन बसले. कबुतराला स्वतःला या कशाचे सोयरसुतक नव्हते. मूळचा तो कड्याकपारींत राहणारा पक्षी. त्याला वाळकेश्वरची गच्ची आणि भायखळ्याच्या चाळीचा सज्जा सारखाच, आणि दाणा टाकणाऱ्याचा धर्म तर त्याने कधीच विचारला नाही. अखेर तज्ज्ञांची समिती नेमून जी तोड निघाली, तीत वरळी, अंधेरी, मुलुंड आणि बोरिवली अशा चार ठिकाणी सकाळी सात ते नऊ या वेळेत दाणे घालण्यास परवानगी देण्यात आली. म्हणजे पुन्हा ‘दुसरीकडे’. ज्या पक्ष्याला माणसाने हजारो वर्षे पाळले ते पुष्कळदा तो दूर नेऊन सोडला तरी घरी परत येतो म्हणून, त्याच पक्ष्याची बदली करण्याची ही तजवीज आहे. हुकमाची अंमलबजावणी माणसांकडून होईल. कबुतरांकडून कोणती हमी घेतली, ते समजले नाही.

त्याच ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची कुत्री आठ आठवड्यांत निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला, देशभर गदारोळ झाला, आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलून, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री जेथून उचलली तेथेच सोडावीत, पिसाळलेली व हिंस्र तेवढी वगळावीत, असे ठरले. ‘दुसरीकडे’ची कल्पना न्यायपीठापुढे टिकली नाही असा हा एक दुर्मीळ प्रसंग, आणि तोही अपवादांसकट.

मुंबईत उलट दिशेने झालेला प्रवास मला एकच आठवतो. २०१६ साली सोलहून आठ पेंग्विन राणीच्या बागेत आणले गेले, आणि दक्षिण अमेरिकेच्या थंड किनाऱ्यावरील या रहिवाशांसाठी भायखळ्यात थंड हवेचे दालन उभे राहिले. त्यांच्यावरून किती राजकीय कोट्या झाल्या, त्यांची गणती नको. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर, २०२५ साली, बागेत जन्मलेल्या पेंग्विनच्या पिल्लांना इंग्रजी नावे का, मराठी नावे ठेवा, अशी मागणी पुढे आली. मागणी मला मान्य आहे. जे येथे जन्मले, ज्याचे शिधापत्रिकेखेरीज सर्व दस्तऐवज महापालिकेकडे आहेत आणि ज्याला भायखळ्यात बारा महिने फुकट थंड हवा मिळते, त्याच्याइतका पक्का मुंबईकर दुसरा कोण?

या सगळ्या कात्रणांचा गोषवारा काढावयाचा तर तो असा, की मुंबईत ‘दुसरीकडे’ हे ठिकाण फार दिवस दुसरीकडे राहत नाही. जे दूर म्हणून निवडले, ते एका पिढीत हद्दीत येते. आणि हद्दीत आले, की तेथे आधी नेऊन ठेवलेल्यांचा उपद्रव नव्याने आलेल्यांना जाणवू लागतो. हा न्याय जनावरांपुरता राहिला असता तर त्यावर विनोदी लेख लिहून भागले असते. पण १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेलेल्या आणि पुन्हा गिरणीत न परतलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना, ज्या लालबाग-परळच्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत त्या जमिनीच्या मोबदल्यात, मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ करण्यात आली. आणि २०२५ च्या जुलैत ते वृद्ध लोक आझाद मैदानावर येऊन आम्हाला मुंबईतच घर द्या असे म्हणत बसले. पेंग्विनला कोणी विचारले नव्हते, कबुतराला विचारता येत नव्हते. यांना विचारता येत होते, आणि यांच्याजवळ हरकतीचे अर्जही होते. तरीही यांच्यासाठी जो उपाय सुचला तो दोनशे वर्षांपूर्वी कुत्र्यांसाठी शोधून काढलेलाच निघाला. फरक पडला तो एवढाच, की त्या वेळी कुत्र्यांसाठी सगळ्या शहराने दुकाने बंद ठेवली होती.